कॅसेटच्या शेवटचा आवाज

आमच्या वरच्या मजल्यावरची लिनेट मला पहिल्यांदा म्हणाली, "सुहासिनी, मी पंक ऐकते," तेव्हा मला वाटलं, त्यांच्या चर्चमधल्या एखाद्या उपासनेबद्दल बोलतेय. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. पंक म्हणजे चिखल, पंकात जन्मतं ते पंकज, हे बाईंनी घोटून घेतलेलं. पुढे ती म्हणाली, "पंक रॉक." म्हणजे चिखल आणि दगड. मी भाबडेपणाने विचारलं, "हे कुठलं गं भजन?" ती इतकी हसली की लिफ्टचं दार दोनदा उघडून बंद झालं, आणि आम्ही दोघी आतच.

घरी येऊन शार्दूलला, माझ्या मुलाला, विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "आई, इट्स म्युझिक. अँग्री पीपल विथ गिटार्स."

चिडलेली माणसं आणि गिटार. यातलं काहीच लिनेटला लागू पडत नव्हतं. छप्पन्न वर्षांची बाई, वसईजवळच्या नंदाखालची, केस पांढरे आणि कानाच्या वर कापलेले, पायात कायम सपाट चपला. लग्न केलं नाही. इथे अमिरातीत, फुजैराच्या बंदरावर, जहाजांच्या एका एजन्सीत ती तीस वर्षं काम करतेय. बोटीवरून उतरणारे खलाशी, त्यांचं हॉटेल, डॉक्टर, तिकीट, सगळं तिच्याकडे. तिचा फोन कधी गप्प नसतो. "यल्ला हबीबी, चल लवकर, लाँच निघाली का? कॅप्टनला सांग, डॉक्टर आलाय." एवढं सगळं सांभाळूनही मी तिला कुणावर ओरडताना पाहिलं नाही. गिटार मात्र तिच्याकडे होती. रविवारी चर्चमध्ये वाजवायची आणि शनिवारी दुपारी खलाशांच्या विश्रांतीच्या खोलीत.

एकदा मी तिच्यासोबत त्या खोलीत गेले होते. कॅरम, चहाचं मशीन, भिंतीवर जगाचा नकाशा. लिनेटने वाजवायला सुरुवात केली आणि मी पर्समधून क्रोसिन शोधायला लागले. भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तसं गाणं. पण कोपऱ्यात झोपलेला एक फिलिपिनो पोरगा ताडकन उठला आणि टेबलावर ताल धरून नाचायला लागला. त्याच्या बोटीवर मालाची भानगड होऊन सगळे कितीतरी आठवडे अडकून पडले होते म्हणे. गाणं दोन मिनिटांत संपलं. तो म्हणाला, "मॅम, अगेन."

परतताना मी म्हटलं, "लिनेट, राग नको मानूस. पण यात आवडण्यासारखं काय आहे?"

तिने गाडी चालवता चालवता सांगितलं. कॅनडात, साधारण पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, कामगारवस्तीतल्या पोरापोरींनी गिटारी उचलल्या. वाजवायला धड येत नव्हतं. कुठली कंपनी त्यांची गाणी काढेना, मग त्यांनी आपल्याच खर्चाने थोड्याशा तबकड्या काढल्या आणि हातोहात दिल्या. हॉलवाले एकदा बोलवायचे, पुन्हा दारात उभं करायचे नाहीत. बहुतेक बँड दोन-चार वर्षांत फुटले. कुणी ट्रक चालवायला लागलं, कुणी शाळेत शिकवायला. "आणि आज," ती म्हणाली, "त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं त्या तबकड्या शोधत फिरतात. जपानात, ब्राझीलमध्ये. सुंदर आहे म्हणून नाही गं. येत नाही म्हणून ती पोरं थांबली नाहीत, म्हणून."

"पण तुला हे कुठे भेटलं? नंदाखालला?"

"हो," ती म्हणाली. "नंदाखाललाच."

मग जे सांगितलं ते असं.

लिनेटची आई लुसीआंटी आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि लिनेटजवळच राहतात. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला, नेल्सनला, लुसीआंटींनीच वाढवलं. हा नेल्सन मोठा होऊन कॅनडाला गेला. हॅमिल्टन नावाचं गाव, पोलादाचे कारखाने. तो भट्टीवर लागला. त्या काळी परदेशातली माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची, हे आपल्यातल्याही पुष्कळांना आठवत असेल. नेल्सनमामाचीही कॅसेट आली. सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसलं. मामा बोलला, बर्फ कसा पडतो, भात कसा मिळत नाही, बाबांच्या गुडघ्याला काय लावा. शेवटी आपल्या बायला, थोरल्या बहिणीला, म्हणाला, "चल बाय, ठेवतो. सांभाळून राहा." मग खट् असा आवाज. आणि त्यानंतर लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा भयंकर गोंगाट, त्यात एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय.

लुसीआंटींनी छातीवर क्रूस केला. "माझा भाऊ ह्या आवाजात काम करतो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

त्यांना वाटलं, मामाने मशीन बंद करायच्या आधी भट्टीचा आवाज चुकून भरला गेला. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. कॅनडातला कारखाना असाच वाजत असणार. त्या संध्याकाळपासून लुसीआंटींच्या रोझरीत, संध्याकाळच्या जपमाळेत, एक मागणं वाढलं. नेल्सनचे कान शाबूत राहू देत आणि त्याच्यासोबत जो कुणी ओरडतोय त्याला आराम पडू दे.

लिनेट तेव्हा बारा-तेरा वर्षांची. आई शेतावर गेली की ती कॅसेट लावायची, मामाचं बोलणं पुढे ढकलायची आणि तो गोंगाट ऐकायची. "मला वाटायचं, कारखान्याला ताल कसा काय आहे?" ती म्हणाली. "आणि तो ऐकला की मला आमच्या शाळेच्या सिस्टरची भीती वाटायची नाही."

पुढे ती फुजैराला आली. तिच्या ऑफिसात जहाजांची तपासणी करणारा एक म्हातारा कॅनेडियन यायचा, तोही हॅमिल्टनचा. तिने सहज त्याला ती कॅसेट ऐकवली. तो खुर्चीवरून उठला. म्हणाला, "हे तर आमच्या गल्लीतलं! कोल्ड शिफ्ट!" तो बँडच होता. मामा दर शनिवारी एका हॉलमध्ये जाऊन त्यांना ऐकायचा. एकदा खिशातल्या रेकॉर्डरवर भरूनही आणलं. नंतर बहिणीला निरोप पाठवताना त्याच कॅसेटवर वरून बोलला. त्याचं बोलणं संपलं तिथे उरलेलं गाणं तसंच राहिलं.

लिनेटने त्याच दिवशी मामाला फोन केला. मामा पोट धरून हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बायला सांगू नको हं."

"आणि तू नाही सांगितलंस?"

"कसं सांगू, सुहास? तिने इतकी वर्षं माळ ओढली त्या आवाजासाठी."

हे तिने मला सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात नेल्सनमामाचं फुजैराला यायचं ठरलं. दोन आठवड्यांसाठी. लिनेटची झोप उडाली. मामा मोकळ्या तोंडाचा माणूस, पोटात काही राहत नाही. आईला कळलं तर काय? "मी काय म्हणते," मी तिला म्हटलं, "एवढी जुनी गोष्ट. हसतील आणि सोडून देतील." ती म्हणाली, "तू आमच्या आयला ओळखत नाहीस."

मामा आले. बहात्तर वर्षांचे, काठीसारखे उंच, दोन्ही कानांत यंत्रं आणि अंगात काळा टीशर्ट. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कोल्ड शिफ्ट. मी दारातच होते. लुसीआंटींनी आधी कानांतली यंत्रं पाहिली आणि भावाचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"खाल्ले ना रे फॅक्टरीने कान."

मामांनी हातातली बॅग खाली ठेवली. मग आंटींनी टीशर्टवर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय?"

"कोल्ड शिफ्ट, बाय."

"शिफ्ट" हा शब्द आंटींना ठाऊक होता. "बघ लिनेट, फॅक्टरीवाले चांगले आहेत. रिटायर झाला तरी शर्ट देतात."

लिनेटला खोकला लागला. मी पाणी आणायला आत गेले, कारण माझंही तोंड धड राहीना. खरी गोष्ट अशी होती की तिकडच्या एका तरुण मुलीने त्या बँडची सापडतील तेवढी गाणी गोळा करून पुन्हा काढली होती. आता कॉलेजातली मुलं तो टीशर्ट घालून फिरतात.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मला जेवायला बोलावलं होतं. मी अलिबागची, सोमवार सोडला तर माशाला नाही म्हणत नाही. लिनेटने शारजाच्या बाजारातून बर्फातले बोंबील आणून रव्यात कुरकुरीत तळले होते. आंटी भावाला वाढत होत्या, वाढतच होत्या. स्वतःच्या ताटात वरण आणि भाजी.

"बाय, तू का नाही घेत?" मामा म्हणाले. "तुझ्यासारखी बोंबील खाणारी अख्ख्या नंदाखालात नव्हती. आमच्या वाट्याचे पळवायचीस."

"बाधतात मला."

"कधीपासून?"

लिनेट म्हणाली, "मामा, मला आठवतंय तेव्हापासून ती खात नाही. राहू द्या ना."

"तुला आठवतंय तेव्हापासून नाही," आंटी म्हणाल्या. "त्याची ती कॅसेट आली तेव्हापासून. वांद्र्याच्या मोतमावलीला बोलले होते मी. माझ्या भावाचे कान राख, मी बोंबलाला हात लावणार नाही." मग हसून पुढे म्हणाल्या, "एवढं काय टकामका बघता? कान अगदीच गेले नाहीत ना? ऐकतोय ना मशीन लावून? मावलीने आपल्या परीने केलं."

मामांच्या हातातला तुकडा हातातच राहिला. लिनेटलाही हे नवीन होतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिने मामांकडे पाहून हळूच मान हलवली, नको म्हणून. पण मामांनी ताट पुढे सारलं.

"बाय, तो फॅक्टरीचा आवाज नव्हता."

"मग कसला?"

"गाणं होतं. मी शनिवारी जायचो ऐकायला. मुलं वाजवायची."

"गाणं," आंटी म्हणाल्या. "ते?"

"हो."

"आणि तो माणूस ओरडत होता, त्याला काय झालं होतं?"

"तो गात होता, बाय."

इतर वेळी यावर सगळे हसलो असतो. कुणीच हसलं नाही. आंटींनी लिनेटकडे पाहिलं. लिनेट ताटात बघत होती.

"तुला ठाऊक होतं."

लिनेटने मान डोलावली.

"हसलीस कधी? मी माळ घेऊन बसले असताना?"

"एकदा," लिनेट म्हणाली. "पहिल्यांदा कळलं तेव्हा. नंतर नाही, आय."

आंटी उठल्या, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. नीट लावून घेतलं. ते जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर त्या घरात बोलणं राहिलं ते मिठापुरतं आणि पाण्यापुरतं. लिनेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. "माझ्याशी नाही बोलली तर नाही बोलली," ती म्हणाली. "पण तिने रोझरी धरलेली नाही, सुहास. संध्याकाळ झाली की खिडकीपाशी नुसती बसते. मी माळ हातात दिली तर म्हणाली, ठेव तिकडे. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी मागितलं तो नाचगाण्याचा निघाला, आता कशाला मागू म्हणते. माझ्या एका गप्प बसण्यापायी तिची प्रार्थना गेली तर मी काय करू?"

मी ताकाची कढी घेऊन वर गेले. आंटींनी मला जवळ बसवलं. बराच वेळ खाली पार्किंगमधल्या गाड्या बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात? चुकीच्या कारणासाठी उपास धरला तर तो फुकट जातो?"

आमच्यात काय म्हणतात हे सांगायला मी कोण? पोथीत असेल काहीतरी, मला आठवत नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "आंटी, मी सोमवार धरते ते माझ्या मुलीच्या, अस्मिताच्या वेळी धरले होते, की त्याही आधी ह्यांच्या नोकरीसाठी, तेच मला आता सांगता यायचं नाही. तरी धरते."

"का?"

"सोमवार येतो म्हणून."

त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "मला त्याचं गाणं ऐकण्याचा राग नाही गं. तरणा पोर होता. पण मी त्याला भट्टीत बघत होते. रोज. तो तिथे नव्हताच, तर मी कुणाला बघत होते?"

कढी गार झाली.

मामांचा जायचा दिवस शनिवार. लिनेट त्यांना दुबईला विमानतळावर सोडणार होती आणि मला तिथेच जुमेरा लेक टॉवर्सला अस्मिताकडे जायचं होतं, म्हणून मीही निघाले. आंटी येतील असं वाटलं नव्हतं. पण त्या पदर खोचून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मामा आणि मी मागे. मामांना डोंगर बघायचे होते म्हणून लिनेटने जुना रस्ता घेतला. डोंगर सुरू झाले. मग आंटींनी समोर बघतच विचारलं.

"नेल्सन, भट्टीवर तू होतास ना? का तेही खोटं?"

"होतो, बाय. एकतीस वर्षं."

"मग तिथे आवाज कसा होता?"

मामा कानातलं यंत्र चाचपत राहिले. "सांगता येत नाही."

"कॅसेटवर बर्फाचं सांगितलंस, भाताचं सांगितलंस. भट्टीचं कधी सांगितलं नाहीस."

"तू रडली असतीस."

"मी रडलेच की," आंटी म्हणाल्या. "चुकीच्या जागी रडले, एवढंच."

तिकडच्या डोंगरांत खडीच्या खाणी आहेत. रस्त्यावरून जाताना धुरळा दिसतो, काचा बंद असल्या की आवाज फारसा येत नाही. एका खाणीपाशी मामा एकदम म्हणाले, "लिनेट, थांबव. बाजूला घे." गाडी थांबली. मामांनी हात पुढे घालून आंटींच्या बाजूची काच खाली करायला लावली.

खडी फोडणारं मोठं यंत्र चालू होतं. आवाज असा आत आला की मी कानांवर हात घेतले. वर नाही, खाली नाही, सगळा एका पट्टीत. गाडीचा दरवाजा थरथरत होता. धूळ आंटींच्या पांढऱ्या केसांवर बसायला लागली. त्यांनी काच वर केली नाही. मामा त्यांच्या कानाशी वाकून ओरडून म्हणाले, "हा, बाय. ह्याच्यापेक्षा मोठा. आठ तास. बाजूचा माणूस मेला तरी कळायचं नाही. एकदा कळलं नाही."

आंटींनी मान वळवून भावाकडे पाहिलं.

लिनेटने काच वर केली. आत एकदम शांत झालं. मामा मागे टेकले आणि डोळे पुसायला लागले. "पहिल्या वर्षी मी परत येणार होतो," ते म्हणाले. "तिकिटाचं विचारूनही आलो. मग कुणीतरी त्या हॉलमध्ये घेऊन गेलं. मी एकटा काळा, कानटोपी घातलेला. कुणी विचारलं नाही तू कुठला. ढकलाढकलीत पडलो तर चार जणांनी उचललं. आणि तो पोरगा माईकवर ओरडत होता. मला वाटलं, चला, आवाजाला उत्तर देणारं कुणीतरी आहे. म्हणून राहिलो."

आंटींनी समोरच्या डॅशबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. मग लिनेटला म्हणाल्या, "ते आहे का तुझ्या मोबाइलमध्ये?"

"आहे."

"लाव."

लिनेटने थोडं आधीपासून लावलं. गाडीत मामांचा तरणा आवाज आला. चल बाय, ठेवतो. सांभाळून राहा. मामांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग खट्, आणि तो गोंगाट. माझं डोकं लगेच ठणकायला लागलं, आजही मला ते गाणं आवडतं असं मी म्हणणार नाही. पण नुकताच तो खडीचा आवाज ऐकला होता, त्यामुळे एक गोष्ट मलाही कळली. यातला ओरडणारा मध्येच श्वास घेत होता.

गाणं संपलं. आंटींनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच, आय."

"हा कुणावर चिडलाय?"

"त्याचा बाप आमच्याच भट्टीवर होता, बाय," मामा म्हणाले.

"पोरगा आहे अजून?"

"आहे. शाळेची बस चालवतो."

"कान?"

"माझ्यापेक्षा वाईट."

आंटींनी मान हलवली. पदराने केसांतली धूळ झटकली. "नाव काय त्याचं?"

"डग."

"डग," त्यांनी म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, नीट लक्षात राहावं म्हणून. "इतकी वर्षं त्याच्यासाठी मागतेय, मावलीला नाव सांगायला नको?" आणि लिनेटच्या दंडावर चापट मारून म्हणाल्या, "चल, यल्ला. याचं विमान चुकेल."